तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात? मुलांच्या कानातल्या ग्रोमेटविषयी

शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा घरी आला की आमच्याकडे खिळ्याने त्याला दोन भोकं पाडतात. एक तेल ओतायला, दुसरं समोरच्या कोपऱ्यात, हवा आत जायला. दुसरं भोक पाडायचं राहिलं तर तेल गुटगुट करत, अडखळत येतं. डब्यात तेल आहे, तोंड उघडं आहे, पण तेलाची जागा घ्यायला आत हवाच जात नाही.

मुलाच्या कानाच्या पडद्यात बसवतात ती बारीक नळी, जिला डॉक्टर ग्रोमेट म्हणतात, ती म्हणजे हे दुसरं भोक. मला हे समजायला फार वेळ लागला. माझ्या मुलाच्या दोन्ही कानांत नळ्या बसवायचं ठरलं, तेव्हा पडद्यामागे साठलेलं पाणी बाहेर वाहून जावं म्हणून त्या घालतात, असंच मी धरून चालले होते. घरातल्या सगळ्यांनी तेच धरलं होतं. म्हणून मग प्रश्नही चुकीचे पडत गेले. पाणी एकदा काढलं की नळी ठेवायची कशाला? नळीतून काही बाहेर येत नाही, म्हणजे ती बंद पडली का? हे प्रश्न माझ्यासारखे आणखी कितीतरी आईबाप दवाखान्यातून घरी आल्यावर एकमेकांना विचारत असणार. म्हणून हा लेख.

मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगा पहिलीत होता, सहा वर्षांचा. टीव्हीचा आवाज वाढवायचा, हाक मारली की तिसऱ्यांदा वळायचा. त्याची आजी म्हणायची, “पोऱ्या आयकस नही, हट्टी शे.” मलाही तो हट्टीच वाटायचा, कारण कधी कधी त्याला सगळं ऐकू यायचं. शेवेच्या भाजीचा विषय निघाला की स्वयंपाकघरातून हळू बोललेलंही कळायचं. मग आपण म्हणतोच, मतलबापुरतं बरं ऐकू येतं. मी त्याला त्यावरून रागावले, दोनदा हातही उचलला. आज त्याचं वाईट वाटतं.

शंका आली ती श्रुतलेखनाच्या वहीवरून. मी “साठ” म्हटलं, त्याने “आठ” लिहिलं. “सात”चा “हात” झाला होता. वर्गात ही चूक वीस मुलांच्या वह्यांत पाहिली असती तर मी लक्ष नाही म्हणून तांबडी रेघ मारली असती. पण घरात, समोरासमोर बसून हे घडलं. स, फ, थ, ख ही अक्षरं बोलताना श्वासाची असतात, त्यांना जोर कमी असतो. ऐकू येणं थोडंसं कमी झालं की आधी तीच गळतात. मुलाला शब्द ऐकू येतो, त्याची कड ऐकू येत नाही.

आता हे पाणी येतं कुठून ते बघू, कारण सगळा घोटाळा इथे आहे.

कानाचे तीन भाग. बाहेरचा म्हणजे कानाची पाळी आणि आत जाणारा बोगदा, पडद्यापर्यंत. मधला म्हणजे पडद्यामागची छोटीशी हवा भरलेली खोली, जिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडं एकमेकांना अडकलेली आहेत. आतला म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखा भाग, जिथून मेंदूकडे संदेश जातो. आवाज पडद्यावर आपटतो, पडदा थरथरतो, हाडं ती थरथर आत पोचवतात. हे सगळं चालायला मधल्या खोलीत हवा हवी, आणि त्या हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका हवा.

तो दाब सारखा ठेवायला त्या खोलीतून एक नळी खाली, नाकाच्या मागच्या बाजूला घशात उघडते. तिचं नाव युस्टेशियन नळी, सोळाव्या शतकातल्या युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून पडलेलं. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि थोडी हवा वर जाते. तिचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढता-उतरताना कानात दडे बसतात, आणि थुंकी गिळली की टक करून मोकळे होतात. ते टक म्हणजे ही नळी उघडणं.

लहान मुलांत ही नळी आखूड असते आणि जवळजवळ आडवी असते. मोठ्या माणसात ती साधारण ४५ अंशांनी उतरती असते, तान्ह्या बाळात जेमतेम १० अंशांनी. नळी उघडणारे स्नायूही अजून कच्चे असतात. त्यात नळीच्या घशातल्या तोंडाशी ॲडेनॉइड नावाची गाठ असते, ती या वयात मोठी असते आणि सर्दीत सुजते. वय सातच्या आसपास नळी लांब आणि उतरती होते, ॲडेनॉइडही आक्रसायला लागतं. म्हणून हा त्रास मुख्यतः सात वर्षांच्या आतला आहे आणि बहुतेक मुलं यातून वाढत्या वयाबरोबर बाहेर पडतात.

तर नळी मिटूनच राहिली की खोलीतली हवा कोंडते. तिथलं अस्तर ती हवा हळूहळू शोषून घेतं. नवी येत नाही, दाब घटतो, पडदा आत ओढला जातो, आणि अस्तरातून पाणी पाझरायला लागतं. आधी ते पातळ असतं. महिने गेले की घट्ट होत जातं, काकवीसारखं किंवा बाभळीच्या ओल्या डिंकासारखं. अशा चिकट पाण्यात हाडं मोकळी हलणार कशी? ऐकू येणं साधारण २५ ते ३० डेसिबलच्या पातळीवर उतरतं. कुजबुजीचा आवाज ३० डेसिबलच्या जवळपास असतो, म्हणजे कुजबूज जवळजवळ नाहीशी होते आणि वर्गाच्या मागच्या बाकावर बाईंचं बोलणं कुजबुजीसारखं पोचतं. पाणी रोज तेवढंच नसतं, आज कमी, सर्दी झाली की जास्त. माझ्या मुलाचं “मतलबापुरतं” ऐकणं ते हे होतं.

याला ठणका नसतो, ताप नसतो, कान वाहत नाही. आपल्याकडे कानाचा आजार म्हणजे रात्री कळवळून रडणारं मूल किंवा उशीवर डाग पाडणारा फुटलेला कान. ते वेगळे आजार. हा गप्प असतो, म्हणून निसटतो. शाळेत जायच्या वयापर्यंत दहातल्या नऊ मुलांना एकदा तरी हे पाणी होऊन गेलेलं असतं, आणि बहुतेकांच्या घरी ते कळतही नाही.

सर्दीनंतर हे होतं हे खरंच. पण घरातला धूरही त्याला मदत करतो, चुलीचा असो की विडी-सिगारेटचा. बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजणं हे दुसरं कारण. अंगावरचं दूध मिळालेल्या मुलांना कानाचे त्रास कमी होतात. ६ आणि १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकलची लस मिळते. कानात पू होण्याच्या दुखण्यामागचा एक मोठा जंतू तिने अडतो, ती चुकवू नका.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर दुर्बिणीसारख्या दिव्याच्या यंत्राने पडदा बघतात, तो फिकट, मळकट, आत ओढलेला दिसतो. मग टिंपॅनोमेट्री. कानात मऊ रबरी बुडखा ठेवून हवेचा दाब किंचित कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते यंत्र कागदावर काढतं. निरोगी कानाचा आलेख मध्ये टोक असलेल्या डोंगरासारखा येतो. पाण्याने भरलेला कान हलत नाही, त्याची रेघ आडवी येते. आमच्या कागदावर दोन्ही बाजूंना तापीकाठच्या केळीच्या रानासारखं सगळं सपाट होतं. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर हेडफोन लावून ऐकण्याची चाचणीही होते, त्याहून लहानांना खेळत-खेळवत करतात, आणि अगदी तान्ह्यांची झोपेत बेरा नावाची तपासणी असते.

पाणी आहे हे कळल्यावर काय करायचं? थांबायचं. हे मला पचायला सगळ्यात अवघड गेलं. तीन महिने. मूल एरवी निरोगी असेल, बोलणं वयानुसार चाललं असेल, तर तीन महिने काही न करता वाट बघणं हाच योग्य उपचार, कारण बहुतेकांचं पाणी तेवढ्यात आपोआप जातं. आमच्याकडे थांबणं म्हणजे हलगर्जी समजतात. मूल दाखवायला नेलं आणि बाटली मिळाली नाही तर डॉक्टर बरा नाही. निदान होण्याआधी एका दवाखान्यात आम्हाला तीन वेळा सर्दीची औषधं आणि दोन वेळा अँटिबायोटिक मिळालं होतं, मीच मागून घेतलं म्हणा ना. या पाण्यावर सर्दीची औषधं, नाक मोकळं करणारी औषधं, अँटिबायोटिक, पोटातून दिलेलं स्टेरॉइड यांचा टिकाऊ उपयोग होत नाही हे आता वारंवार तपासून सिद्ध झालेलं आहे. दुष्परिणाम मात्र होतात.

आणि तेल. लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायची पद्धत खानदेशात घरोघर आहे, आमच्याही आहे. पण पाणी पडद्याच्या पलीकडे आहे आणि तेल अलीकडे राहतं. भिंतीच्या या बाजूला पंखा लावून त्या बाजूची ओल वाळत नाही. पुढे पडद्यात नळी बसली की तेच तेल भोकातून थेट आत जाईल, तेव्हा तर मुळीच घालायचं नाही.

थांबण्याच्या काळात एक करता येतं. नाकपुडीत नळकांडं धरून त्याला जोडलेला खास फुगा नाकाने फुगवायचा, दिवसातून दोन-तीनदा. त्याने युस्टेशियन नळी उघडायला मदत होते. शाळेत जाणाऱ्या मुलांना जमतं, लहानांना नाही.

तीन महिन्यांनी पाणी तसंच असेल, दोन्ही कानांत असेल आणि ऐकण्याची चाचणी कमी येत असेल, तर नळीचा विचार होतो. काही मुलांत मात्र इतकं थांबत नाहीत. टाळू दुभंगलेली मुलं, डाउन सिंड्रोम असलेली, बोलणं आधीच मागे पडलेली, दिसण्याची किंवा आतल्या कानाची दुसरी अडचण असलेली. टाळू दुभंगलेली असली की युस्टेशियन नळी उघडणारे स्नायूच नीट जोडलेले नसतात, त्यामुळे तिथे पाणी जवळपास ठरलेलंच. पडदा फार आत ओढला जाऊन खळगा पडायला लागला तरी डॉक्टर लवकर निर्णय घेतात.

मला पडलेला आणखी एक प्रश्न होता. उशीर केला तर मुलाचं कायमचं नुकसान होईल का? अमेरिकेत पिट्सबर्गला याचा मोठा अभ्यास झाला आहे. तीन वर्षांच्या आतल्या, बाकी निरोगी मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच नळ्या, दुसऱ्याला पाणी टिकलंच तर सहा ते नऊ महिन्यांनी. तीन वर्षांच्या वयात बोलणं, भाषा, समज यांत फरक आढळला नाही, तो निष्कर्ष २००१ मध्ये छापून आला. तीच मुलं ९ ते ११ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, २००७ मध्ये तेच उत्तर. म्हणजे एरवी निरोगी मुलाच्या आईने रात्र रात्र जागायचं कारण नाही. नळीने ऐकू येणं चांगलं सुधारतं हे खरं, पण नळी घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांतला फरक पहिल्या सहा-नऊ महिन्यांत ठळक दिसतो. पुढे ज्यांना घातली नाही त्यांचंही पाणी जातं आणि दोघं बरोबरीला येतात.

मग घालायचीच कशाला? माझं मत असं, की सहा-नऊ महिने म्हणजे पहिलीचं अख्खं वर्ष. अक्षर आणि आवाज जोडायचं वर्ष. त्यात आमच्या मुलांच्या कानावर घरी अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी, दोन्ही सांभाळायच्या. निम्मे आवाज गाळून हे करायला लावणं मला शिक्षिका म्हणून पटलं नाही. दुसरं कुणी पुढच्या बाकावर बसवून आणखी तीन महिने थांबलं असतं, तर तेही चूक म्हणता आलं नसतं.

शस्त्रक्रिया ऐकायला मोठी वाटते, प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटांची असते. लहान मूल हलू नये म्हणून पूर्ण भूल देतात, त्यामुळे आधी उपाशी ठेवावं लागतं. बाहेरून कुठेही टाका नाही. सूक्ष्मदर्शकातून बघत पडद्याच्या खालच्या-पुढच्या भागात बारीक चीर देतात, चिकट पाणी नळीने ओढून घेतात आणि त्या चिरेत ग्रोमेट बसवतात. पडदा साधारण ९ मिलिमीटर रुंद, ग्रोमेटचं भोक जेमतेम एका मिलिमीटरचं. मूल त्याच दिवशी घरी येतं.

नुसती चीर देऊन चालत नाही का? हा प्रयोग झालेला आहे. लंडनमध्ये ॲस्टली कूपर यांनी १८०१ मध्ये पडद्याला भोक पाडून ऐकू येणं सुधारतं हे दाखवलं. पण पडदा फार लवकर भरून येतो, दिवसांत भोक बुजतं. व्हिएन्नाच्या ॲडम पोलित्झर यांनी १८६८ च्या सुमारास कडक रबराची नळी बसवून पाहिली, ती टिकत नव्हती. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लॅस्टिकची बारीक नळी वापरली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. कापसाच्या ट्रॅक्टरवर टाकायच्या ताडपत्रीला दोरी ओवायला धातूच्या कड्या असतात ना, भोक फाटू नये आणि मिटू नये म्हणून? इंग्रजीत त्या कडीलाच ग्रोमेट म्हणतात. दोन्हीकडे कड आणि मध्ये भोक, कानातलीही तशीच दिसते.

आता पुन्हा तेलाचा डबा. नळी बसली की हवा बाहेरच्या बाजूने खोलीत जायला लागते. दाब सारखा होतो, पडदा जागेवर येतो. पाझरणारं अस्तर सुकतं. उरलंसुरलं पाणी आपल्या जुन्याच वाटेने, युस्टेशियन नळीतून घशात उतरतं, कारण आता वरून हवा मिळते आहे. ग्रोमेटमधून बाहेर काहीच येत नाही, आणि तेच चांगलं चाललं असल्याचं लक्षण.

नळीतून काही आलं तर त्याकडे लक्ष द्यायचं. कान वाहायला लागला म्हणजे बहुतेक वेळा सर्दीबरोबर जंतुसंसर्ग झालेला असतो. हा सगळ्यात नेहमीचा त्रास, घाबरायचं नाही. त्यावर पोटातल्या औषधापेक्षा डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक थेंबच चांगले, कारण भोकातून ते थेट जागेवर पोचतात. घरात पडलेले जुने थेंब मात्र घालू नका, त्यातले काही आतल्या कानाला इजा करू शकतात.

अंघोळीला बंदी नाही, डोक्यावरून पाणी घेतलं तरी इतक्या बारीक भोकातून ते सहज आत जात नाही. साध्या पोहण्यालाही कानात बोळे घालायची सक्ती आता करत नाहीत. पण आमच्याकडची पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, आणि चार दिवसांत काठावरून उड्या मारायला लागतात. उडी आणि बुडी नको, खोल पाण्याचा दाब नळीतून पाणी आत ढकलतो. पाटाचं, डबक्याचं आणि साबणाचं पाणीही नको. त्या उन्हाळ्यात मुलगा विहिरीच्या काठावर रडला होता, पण आम्ही ऐकलं नाही.

धोके सांगायलाच हवेत. नळी पडल्यावर शंभरात एक-दोन मुलांत भोक भरत नाही आणि पुढे ते बुजवायची शस्त्रक्रिया लागू शकते. जास्त काळ टिकणाऱ्या मोठ्या नळ्यांत हे प्रमाण वाढतं. काहींच्या पडद्यावर पांढरे डाग राहतात, त्याने ऐकण्यावर सहसा फरक पडत नाही. कधी नळी घाणीने बुजते. काही मुलांत नळी पडल्यावर पाणी परत येतं. दुसऱ्यांदा नळी घालायची वेळ आली आणि मूल चार वर्षांच्या पुढचं असेल, तर डॉक्टर सोबत ॲडेनॉइड काढायचा सल्ला देतात.

शस्त्रक्रियेनंतर रात्री आम्ही धुळ्याला मावशीकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या एसटीत कंडक्टरने तिकीट काढलं, तर मुलगा वळून म्हणाला, “आई, त्या मशीनमध्ये काय वाजलं?” कागद छापताना ती बारीक कुर्र करते. तो त्या गाडीने कितीदा गेला होता.

कुठे दाखवायचं तर जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, किंवा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, कान त्यांच्या यादीत आहे. पथक आलं की “याला हाक ऐकू येत नाही, श्रुतलेखनात चुका होतात” हे तोंडाने सांगा, वरवर बघून हे पाणी दिसत नाही. शस्त्रक्रिया ठरली तर सरकारी योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढंच, की मूल पुढे बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, सूचना देण्याआधी त्याचं तोंड आपल्याकडे वळलंय ना ते बघा. नळी घालायची असो वा नसो, यात आज सुरुवात करता येते.

नळी काढावी लागत नाही. पडद्याची त्वचा मधून कडेकडे हळूहळू सरकत असते, नखं वाढतात त्या गतीने, आणि नळीला ढकलत बाहेर आणते. त्याला सहा ते अठरा महिने लागतात. आमची डावी नळी अकराव्या महिन्यात मळासोबत सापडली, उजवी त्यानंतर दीड महिन्याने. डॉक्टरांनी ती कागदावर ठेवून दाखवली, तिळाएवढी. तीन महिन्यांनी पुन्हा आलेख काढला. डावीकडे डोंगर होता, उजवीकडेही.